'नोई'मधला हिमकडा अचानक कोसळत नाही

नमस्कार. 'नोई अल्बिनोई' या आइसलँडच्या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की नायक नुसता आळशी पोरगा आहे, आणि गोष्ट पुढे सरकेना म्हणून दिग्दर्शकाने शेवटी हिमकडा कोसळवून सगळ्यांना मारून टाकलं. वर्गात स्वतःऐवजी टेपरेकॉर्डर पाठवणारा मुलगा तुम्हाला आळशी वाटला, तर त्यावर मी भांडत नाही. हिमकड्याचं मात्र मनाला लागलं. (सिनेमा पाहायचा असेल त्यांनी पुढे वाचू नये, शेवट सांगावाच लागणार आहे.)

दागुर कारीचा हा सिनेमा २००३ चा. चित्रीकरण आइसलँडच्या वायव्य टोकाला, बोलुंगारविकला झालं. त्याच भागात १६ जानेवारी १९९५ ला सुदाविक गावावर हिमकडा कोसळून १४ माणसं गेली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला फ्लातेरी गावात २०. अख्ख्या देशाची वस्ती तेव्हा पावणेतीन लाखांच्या आत होती. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाने हा सिनेमा पाहिला तेव्हा त्या घटनांना जेमतेम आठ वर्षं झाली होती. घरांच्या मागे पडदाभर उभा असलेला तो पांढरा डोंगर आपल्याला देखावा वाटतो, त्यांना तसा कसा वाटेल?

आणि दिग्दर्शक काही लपवत नाही. कबर खणायचा प्रसंग पुन्हा बघा. शाळेतून काढलेल्या नोईला काम मिळतं ते दफनभूमीत. जमीन गोठून दगड झालेली, कुदळ मारली की नुसती टणकन उडते. मी तिथे मोठ्याने हसलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना घशात आवंढा आला, कारण मातीखालच्या ज्या तळघरात हा मुलगा सगळ्यांपासून लपून बसतो, तेच त्याला वाचवतं, हे आता ठाऊक होतं. भविष्य सांगणाऱ्यालाही मरणच दिसतं. एवढं सगळं समोर मांडल्यावर शेवटाला पळवाट कसं म्हणायचं?

आयरिसच्या मरणाला सिनेमा वेळच देत नाही, हा तुमचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पेट्रोलपंपावरची ती मुलगी इतकी जिवंत उभी केली आहे, आणि जाते तेव्हा कॅमेरा तिच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. मलाही ते खटकलं, लेखात लिहायला हवं होतं.

पण आजीने वाढदिवसाला दिलेला तो व्ह्यूमास्टर, डोळ्यांना लावून चित्रं बघायचं खेळणं, आठवा. सगळं गाडलं गेल्यावर नोई तो डोळ्यांना लावतो, आणि चित्रातल्या समुद्राच्या लाटा हलू लागतात. तुम्ही तिथपर्यंत थांबला होतात का?