खुलासा : विक्शनरीतून मराठी शब्द ‘उडवले’ जात नाहीत

‘इंग्रजी विक्शनरीतून आपले बोलीतले शब्द काढतायत, शंभर जणांनी सह्या केल्या तरच वाचतील’ असा मेसेज पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. (विक्शनरी म्हणजे विकिपीडियासारखाच, लोकांनी मिळून लिहिलेला ऑनलाइन शब्दकोश.) सोबत ‘पडताळणी हवी’ अशा शेऱ्याचा स्क्रीनशॉट आहे. तळमळ खरी, माहिती चुकीची.

तिथले नियम कोणालाही वाचता येतात. हा शेरा म्हणजे हकालपट्टी नव्हे, पुराव्याची मागणी. निकाल सह्यांवर नव्हे, वापरावर लागतो. इंग्रजीसारख्या भाषेत शब्दाचे तीन स्वतंत्र वापर लागतात, तेही किमान वर्षभराच्या काळात विखुरलेले. ज्या भाषांत लेखन कमी, तिथे एखादा दाखलाही चालतो. वापर म्हणजे वाक्यात सहज आलेला शब्द; ‘हे पहा दुर्मीळ शब्द’ छापाची यादी नव्हे. (अशा याद्यांतले निम्मे शब्द कोणी कधी बोललेलंच नसतं, असा माझा संशय!) शोधाला सहसा महिनाभर तरी मिळतो, आणि काढलेली नोंदही पुरावा सापडल्यावर परत घेता येते.

तेव्हा मेसेज पुढे पाठवू नका. आलाच असेल तर त्याखाली हा खुलासा टाका. घरात जुनी कादंबरी, दिवाळी अंक असेल तर शब्द ज्या वाक्यात आलाय ते वाक्य, लेखक, साल, पान एवढं उतरवून द्या. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो, शब्द शोधायला सुरुवात तिथून करा.