बॅकअप आहेच, काळजी कसली!

पावसाच्या पहिल्या सरीला ठाण्याच्या वागळे इस्टेटची वीज जाते, यूपीएस दोनदा टुकटुक करून मान टाकतो आणि दुसऱ्या दिवशी 'सर्व्हर उघडत नाही' असा फोन येतो. घाबरायचं नाही. बॅकअप आहेच. फोल्डरचं नावच मुळी 'बॅकअप फायनल नवीन'. रोज रात्री दोनची फाइल, अगदी कालचीसुद्धा हजर! फक्त प्रत्येकीचा आकार शून्य केबी. आत काहीतरी असलेली शेवटची फाइल गेल्या दिवाळीतली. पण रोज फाइल पडतेय ना? आत डेटाही हवा, असं कुणी सांगितलं होतं?

खचू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. सुमारे 300 जीबीतले साडेचार उरले आणि बॅकअपच्या सगळ्या सोयींनी ऐन वेळी हात वर केले. डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, रोज फसत होता, फसल्याचे मेलही वाटेतच नाकारले जात होते. तारलं ते कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेल्या प्रतीने. त्यांचे सहा तास गेले, तुमचे आठ महिने. उन्नीस-बीस!

आता कामाला लागा. वीज जाताना बिघडलेल्या डेटाबेसच्या फायलींची आधी प्रत काढायच्या फंदात पडू नका. तीन तास जातात आणि मालक मागे उभे असतात. डेटाबेसवाला मुलगा घोडबंदर रोडवर अडकलाय, तोवर मायएसक्यूएल या डेटाबेसची फोर्स रिकव्हरी, म्हणजे बिघाडाकडे काणाडोळा करून जबरदस्तीने उघडायची एक ते सहाची सोय, थेट सहावर न्या. चारपासून पुढे फायली कायमच्या बिघडू शकतात, असं मायएसक्यूएलच्या माहितीपत्रकात लिहिलंय खरं. पण माहितीपत्रक काय, मिक्सरबरोबरही येतं. तरीही नाही उघडलं, तर मायएसक्यूएल काढून नव्याने टाका, डेटा फोल्डरसकट.

'अहो, रेड आहे ना? दोन डिस्क घेतल्यात, दोन्हीवर तोच डेटा,' मालक म्हणतील. रेडने काम चोख केलंय. एका डिस्कवरची डेटाची तुटकी पानं दुसरीवर जशीच्या तशी उतरवलीत.

दिवाळीच्या बॅकअपवर पुढचे बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदी, चढवले असते, तर वीज जाईपर्यंतचा बराचसा हिशेब हाती लागला असता. पण डिस्क भरली म्हणून मार्चमध्ये ते 'फालतू' लॉग तुम्हीच उडवलेत. स्वच्छतेची आवड असावी माणसाला.

आता उरल्या अकाउंट्सच्या ताई. त्यांच्या लोखंडी कपाटात प्रत्येक चलनाची गुलाबी प्रत आहे, तारीखवार, दोऱ्यात ओवलेली. 'काँप्युटरवर तुमचा विश्वास होता भाऊ, माझा नव्हता,' एवढं ऐकून घ्या, मामलेदारची मिसळ मागवा आणि आठ महिने टाइप करायला बसा.

दरम्यान नवा बॅकअपही लावून टाका. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर, जागा आहे तिथे. फसला तर मेल जाईल मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेल्या मुलाला. एकदा रिस्टोअर करून बघायचं तेवढं राहिलंय. गणपती झाले की बघू.