स्वित्झर्लंडला जायचंय? आधी दहावी कधी ते बघा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूर राहण्यालायक होतं. पहाटे स्वेटर, दुपारी कोवळं ऊन, रविवारी कुणाच्या तरी शेतात हुरडा. बाकीचं वर्ष आपण तव्यावर काढतो ते या दिवसांच्या आशेवर. म्हणूनच परदेशी जायचं तर नेमकं याच दिवसांत जावं. मे महिन्यात पारा ४४ वर असताना थंड देशात गेलात तर लोक म्हणतील, बिचारे उकाड्याला कंटाळून गेले. भर थंडीतून उठून पदरचे पैसे घालून आणखी थंडीत जायला ऐपत लागते, आणि ऐपत असून ती शेजाऱ्यांना कळली नाही तर तिचा उपयोग काय?

तर पहिला प्रश्न मुहूर्ताचा. घरात तेरा ते सतरा वयाचं मूल असेल तर दाते पंचांग बाजूला ठेवा आणि शाळेचं वेळापत्रक काढा. आपल्याकडची मोठी सुट्टी दिवाळीतच संपलेली असते. नाताळाला जे चार दिवस मिळतात त्यात तुळजापूर-अक्कलकोट निवांत होतं, झ्युरिक होत नाही. म्हणजे शाळा बुडवणं आलं. दहावीच्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग प्रात्यक्षिकं, फेब्रुवारीत बोर्ड, विषयच संपला. बारावीचं तेच. नववी हा क्लासवाल्यांच्या मते दहावीचा पाया, आठवी हा नववीचा पाया, आणि अकरावीत जेईई-नीटवाले श्वास घेऊ देत नाहीत. मुलं दोन असतील आणि त्यांच्यात तीन वर्षांचं अंतर असेल, तर मोकळं वर्ष शोधण्यापेक्षा लग्नाचा मुहूर्त काढणं सोपं. काही सुज्ञ पालक दुसऱ्या मुलाचा विचार करतानाच हे बघतात म्हणे. तुम्हाला उशीर झाला आहे.

तरीही नववीच धरा. त्याला व्यवहारी कारण आहे. मूल बारा वर्षांचं झालं की विमान कंपनीच्या लेखी ते मोठं माणूस, पूर्ण तिकीट. शेंगेन व्हिसालाही (स्वित्झर्लंडला हाच लागतो) बारापासून पूर्ण ९० युरो. घरी ज्याला गॅस बंद करता येत नाही त्याचे मोठ्या माणसाचे पैसे भरताना जीव तुटतो. पण स्वित्झर्लंडच्या रेल्वेनं माणुसकी सोडलेली नाही. आईबापांपैकी एकाकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सोळा पूर्ण होईपर्यंत मूल फुकट, त्याचं फॅमिली कार्ड तेवढं मागून घ्यायचं. म्हणजे सोळावा वाढदिवस १० जानेवारीला असेल तर सहल ९ तारखेला संपली पाहिजे. असा हिशेब एकदा डोक्यात बसला की आल्प्स वगैरे सगळं मागे पडतं आणि सहलीला खरी गोडी येते.

परतीची तारीख मात्र संक्रांतीच्या आधीची ठेवा. सिद्धरामेश्वरांची यात्रा सुरू झाली, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वज निघाले, आणि तुम्ही घरात नाही, हे घरातल्या आजींना पटवून देईल असा टूर मॅनेजर अजून जन्माला यायचा आहे.

आता देश. यात मुलांचं मत जरूर घ्या. घ्या आणि व्यवस्थित घडी घालून ठेवून द्या. जेवणाच्या ताटावर बैठक बोलवा, टीव्ही बंद करा, आणि विचारा, ‘बाळांनो, कुठं जायचं?’ मुलगी म्हणेल, कोरिया. मुलगा मान वर न करता विचारेल, हॉटेलला वायफाय आहे का. तुम्ही म्हणा, ‘स्वित्झर्लंड ठरलंय.’ लोकशाही ती हीच. मुलगी तीन दिवस फुरंगटून बसेल. तिच्यासाठी उतारा आहे. ब्रिएन्झ तलावाच्या काठी इझेल्टवाल्ड नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथल्या एका लाकडी धक्क्यावर एका कोरियन मालिकेतला नायक पियानो वाजवतो. जगभरच्या पोरी तिथं लोटल्या तेव्हा गावकऱ्यांनी २०२३ मध्ये धक्क्याच्या तोंडाशी फाटक बसवलं आणि माणशी ५ फ्रँक लावले. फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, हे तिला तिथं सांगू नका. धक्क्यावर पाच पावलं पुढं, पाच मागं, फोटो, संपलं. आठवडाभरात ती तुमच्याशी हसून बोलेल तो हाच एक प्रसंग. त्या मानानं दर वाजवी आहे.

मुलाला बर्फात स्कीइंग करायचं असेल. करू द्या. त्याआधी विम्याचा कागद वाचा, कारण ३०,००० युरोंचा विमा व्हिसासाठी बंधनकारक असला तरी पुष्कळ विम्यांत बर्फावरचे खेळ धरत नाहीत, ते वेगळे घालून घ्यावे लागतात. कागद वाचायचा कंटाळा असेल तर मुलाला म्हणा, ‘आपण घसरगाडीवर बसू.’ तो म्हणेल, ‘पप्पा, प्लीज.’ या ‘प्लीज’चा अर्थ विनंती असा होत नाही, हे तुम्हाला एव्हाना माहीत असेलच.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. सोलापूरकर म्हणून तुम्ही सोळाव्या दिवसाची वाट बघणार, ते सोडा. आधी मुलांचे पासपोर्ट काढून बघा. पंधराच्या आत काढलेला पासपोर्ट फार तर पाच वर्षं चालतो, आणि परतल्यानंतरही त्यात तीन महिने शिल्लक लागतात. शिवाय त्यातला फोटो गालफुग्या बाळाचा असतो आणि समोर उभा असतो मिसरूड फुटलेला, आवाज फाटलेला इसम. शाळेकडून बोनाफाईड आणि रजेला हरकत नसल्याचं पत्र लागतं. कार्यालयातले भाऊसाहेब आधी विचारतील, ‘कशाला पाहिजे?’ तुम्ही सांगाल. मग ते चष्म्यावरून बघत म्हणतील, ‘काय बे, परदेशी जाऊलालास म्हणे?’ हे मुलाला. तुम्हाला म्हणतील, ‘सोमवारी या.’ सोमवारी मुख्याध्यापक पुण्याला मीटिंगला असतात. स्विस वकिलातीला तुमच्या उत्पन्नाबद्दल जेवढे प्रश्न पडतात त्याहून जास्त या टेबलाला पडतात, आणि तिथं अर्ज ऑनलाइन भरायची सोय नाही.

बँकेच्या खात्यात शेवटच्या आठवड्यात सासऱ्यांकडून तीन लाख आणून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. मोडू नका. तिकडचे अधिकारी मागच्या काही महिन्यांचे व्यवहार बघतात आणि अचानक उगवलेली रक्कम त्यांच्या लगेच डोळ्यांत भरते. त्यांनाही बिचाऱ्यांना दिवसभरात काहीतरी विरंगुळा हवा.

फोटोला मुलाला घेऊन स्वतः स्टुडिओत जा. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, कपाळ मोकळं. भांडण कपाळावरून होतं. गेली दोन वर्षं त्याचं कपाळ कुणी पाहिलेलं नाही. स्टुडिओवाला काउंटरच्या कोपऱ्यातला पिवळा कंगवा पुढं करतो, ज्यात आख्ख्या नवी पेठेचे केस आहेत. मुलगा त्याच्याकडे बघतो, मग तुमच्याकडे. शेवटी आई पुढं होते, बोटांना पाणी लावते आणि केस मागे सारते. ‘हलू नको. दात नको. इकडं बघ.’ खटाक. त्या फोटोत तो सरळ समोर बघतोय. जास्तीच्या दोन प्रती मागून घ्या.

बारा वर्षांवरच्या सगळ्यांना बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. एकदा दिले की ५९ महिने पुन्हा द्यायला लागत नाहीत. पुढची सहल त्या आत काढा, नाहीतर ठसे वाया जातील. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलात तर रात्री परत. चार माणसं, चार बिनबोलती सीटं, चार फोन. दौंडला मुलगा कानातलं काढून एवढंच विचारेल, ‘आलं?’ याला रंगीत तालीम समजा. टूरमध्ये असंच असतं, फक्त खिडकीबाहेर उसाऐवजी बर्फ.

सामानात काय न्यावं? सोलापुरी चादर न्यायचा मोह आवरू नका. भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या गावचा माल आहे. वजनात तीन किलो खाईल, हॉटेलात हीटर असल्यामुळे एकदाही उलगडणार नाही, आणि परत येताना चॉकलेटला जागा हवी म्हणून तुम्ही ती तिकडेच कुणाला तरी भेट द्याल. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हवीच. कडक भाकरी महिनाभर टिकते, आल्प्समध्ये तर बर्फ वितळेल पण ती नरम पडणार नाही. पण तूप, पेढे, खवापोळी नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिकडे बंदी आहे. हे सासूबाईंना विमानतळावर सांगण्यापेक्षा इथं सांगा. थंडीचे जाड कोट पुण्याच्या मावसभावाकडून मागून आणा. ते मागच्या वर्षी त्यानं नागपूरच्या मेव्हण्याकडून आणले होते. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात युरोपला जाणारे कोट एकूण पंधरा-वीसच असावेत असा माझा संशय आहे. फोटोंत माणसं बदलतात, कोट तेच.

किल्ली शेजारी द्या. फुलझाडांचं काय ते होवो. नळाला पाणी सुटण्याचा वार चुकला तर परतल्यावर अंघोळ बिसलेरीनं करावी लागेल. तिकडे झ्युरिक शहरात रस्त्यारस्त्यांवर बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं असतं. रात्रंदिवस वाहतं. आपल्या माणसाला पहिल्या दिवशी तिथं उभं राहून तोटी शोधाविशी वाटते. मुलं म्हणतात, ‘पप्पा, चला ना, लोक बघतायत.’

आणि हो, हिवाळ्यात काय दिसतं हे टूरवाल्याला विचारू नका. त्याचा हंगाम का बिघडवता. र्‍हाइनचा धबधबा उन्हाळ्यात बर्फ वितळतं तेव्हा फुगतो, हिवाळ्यात त्याचं पाणी रोडावतं. ट्रुमेलबाखचे डोंगराच्या पोटातले धबधबे तर हिवाळ्यात बंदच. पावणेपाचला अंधार. युंगफ्राउयोखला जाणारी रेल्वे १९१२ पासून डोंगर पोखरून ३४५४ मीटरपर्यंत चढते, आणि वर ढग असतील तर तुम्हाला जे पांढरं दिसतं ते घरच्या पांढऱ्या भिंतीसारखंच. वरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र फोनवर दिसतं, निघण्यापूर्वी ते बघून तिकीट काढायचं असतं. पण टूरमध्ये दिवस आधीच ठरलेला असतो, त्यामुळे बघून फक्त दुःख होतं. वर हवा विरळ असल्यानं डोकं जड होतं. कुणी धावपळ करू नये. मुलं करतच नाहीत. ती वायफायजवळ बसलेली असतात. ‘घरी बसून पण हेच करतोस!’ असं तिथं ओरडायला हरकत नाही. उणे बारा अंशांत, एवढे पैसे भरून, युरोपातल्या सर्वांत उंच रेल्वे स्टेशनवर ओरडण्याचा योग काही रोज येत नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत, बाहेर मिट्ट अंधार, जायला जागा नाही, दुकानं बंद, रविवार. अशा वेळी कधीकधी एक अडचण उद्भवते. वायफाय बंद पडतं आणि मुलगी पिशवीतून पत्ते काढते. मग चौघं एका पलंगावर बसून चटणी-भाकरी खात मेंढीकोट खेळतात, मुलगा चक्क पप्पांचा भिडू होतो, बदमाशी करतो, पकडला जातो. याचा कार्यक्रमपत्रिकेत कुठंही उल्लेख नसतो. घाबरू नका. रिसेप्शनला ताबडतोब फोन करा, ते वायफाय सुरू करून देतात. टूरचे पैसे बर्फाचे भरलेत, पत्त्यांचे नाहीत.

परतल्यावर दोन कामं उरतात. टूरवर कापलेला टीसीएस, म्हणजे टूर कंपनीनं आधीच घेतलेला कर, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घ्यायचा. पावती सीएकडे द्या, हरवू नका. दुसरं काम कठीण आहे, चॉकलेट वाटायचं. ज्यांनी निघताना नारळ दिला त्यांना मोठं, ज्यांनी नुसतं ‘मजा करा’ म्हटलं त्यांना लहान, आणि ‘काश्मीरला जमलं नाही का या वर्षी?’ असं विचारणाऱ्या जिन्यासमोरच्या काकूंना सगळ्यांत मोठं, त्रिकोणी, हातात न मावणारं. भाऊसाहेबांना विसरू नका, पुढच्या बोनाफाईडचा प्रश्न आहे. क्लासच्या सरांनाही द्या, बुडालेल्या दहा तासांबद्दल. एवढं करून दोन-चार उरतीलच. ती फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीमागे ठेवा. तिकडे मुलांचा हात जात नाही.