एक सेल, एक बल्ब, एक वायर

काल संध्याकाळी इंदूरच्या रामबागेत ओटल्यावर परवाचा तो व्हिडिओच निघाला. बीएडची ती पोरगी, ऋतू का होतात विचारल्यावर गप्प उभी, सगळ्यांनी फॉरवर्ड केलेला. अण्णा पेटलेच, "आमच्या वेळचे मास्तर झोपेतून उठवलं तरी सांगायचे! आता डिग्र्या वाटतात, पोह्यांवर जिरावन भुरभुरल्यासारख्या."

शुभदाताई कित्येक वर्षं बीएडच्या पोरांचे पाठ बघायला जाते. ती म्हणाली, "बरं अण्णा, तुम्ही सांगा. उन्हाळा का येतो?"

"त्यात काय, पृथ्वी सूर्याजवळ जाते."

"जाते, पण जानेवारीत. तेव्हा १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैत १५ कोटी २१ लाखांवर. तुम्ही मफलर गुंडाळून बसता ना, तेव्हा सूर्य सगळ्यात जवळ असतो."

"मग थंडी काय देवासहून येते?"

मुकुंद आपला इंजिनिअर, तो म्हणाला अक्ष साडेतेवीस अंश कललाय ना. ताई म्हणाली, वाक्य बरोबर, आता कललं की ऊन का वाढतं ते सांग. मुकुंद चहा प्यायला लागला. मग ताईच म्हणाली, जूनमध्ये आपली बाजू सूर्याकडे कललेली, म्हणून ऊन सरळ डोक्यावर पडतं; उज्जैनच्या वेधशाळेत २१ जूनला भर दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, महाकालला आपण दर वर्षी जातो, वेधशाळेत किती जण गेलोय? एकही हात वर नाही.

मग तिनं पर्समधून टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा काढला. लावा म्हणाली. अण्णांनी बल्ब सेलच्या डोक्यावर उभा केला आणि वायर सेलच्या बुडापासून थेट बल्बच्या काचेला! मुकुंदनं सेलची दोन्ही टोकं वायरनं सरळ जोडली, चटका बसायला लागला तशी टाकून दिली. "गणपतीत लायटिंग अण्णांना दिली तेव्हाच कळायला हवं होतं, आख्खी गल्ली अंधारात," असं विन्या म्हणाला आणि ते जुनं भांडण वर्गणीच्या हिशोबासकट दहा मिनिटं चाललं.

"माझ्या वर्गातही हेच होतं," ताई म्हणाली. "विद्युत परिपथाची व्याख्या सगळ्यांना पाठ. पण बल्बला जोडायच्या जागा दोन, एक बुडाला आणि एक आट्यांच्या बाजूला, हे कुणी हातात धरून बघितलेलंच नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आणि उद्या हेच शिकवायचंय. त्या पोरीला हसण्याआधी विचारा, तिच्या हातात कधी कुणी सेल दिला होता का."

मला तिचं शंभर टक्के पटतं. आपल्याच मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान, म्हणजे शाळेत प्रयोग करून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम, १९७२ साली १६ शाळांत सुरू झालं, उन्हाळी शिबिरात मास्तर स्वतः प्रयोग करायचे, चुकायचे, वाद घालायचे, आणि २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं. त्याची चीड मला अजून येते. शिक्षकाला चुकायला जागाच ठेवली नाही तर तो पाठच करणार, दुसरं काय करेल?

तेवढ्यात अण्णांनी वायर आट्यांना टेकवली. लागला! एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या बाल्कनीतून काकू डोकावल्या. आता बल्ब परत द्यायला तयार नाहीत, घरी नातवाला दाखवणार म्हणे, आणि विन्या म्हणतोय आधी मंडपाचा हिशोब दाखवा.