‘बाराखडी’ काढणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

सेन्पाय या मजकुरातला भाव ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मराठी भावविश्लेषणाचं प्लगिन, म्हणजे त्यात बसवायचा छोटा प्रोग्राम, कसं लिहावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देते. मी सोयीची तेवढी वाक्यं उचलली, असं उद्या कुणी म्हणायला नको.

‘ताई, मेहनत दिसते, पण अर्धा लेख शब्द कसे तोडायचे या बाराखडीतच संपला. आज मोठ्या भाषा-मॉडेलला एका ओळीत विचारलं की भाव कळतो, मग हा खटाटोप कशाला? चाचणीची वाक्यं तुम्हीच लिहिलीत, तुम्हीच तपासलीत. बाहेरच्या संचावर एफ-वन किती आला ते कुठेच नाही. ०.०५ चा उंबरठा कुठून आणलात? हे प्रत्यक्ष वापरात कधी चालवलंय का, अशी शंका येते.’

उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून स्वतंत्र टाकते आहे. (इतर वाचकांसाठी: मोठं भाषा-मॉडेल म्हणजे चॅटजीपीटीच्या मागे असतं तसलं यंत्र, आणि एफ-वन म्हणजे यंत्राने किती बरोबर ओळखलं याचा गुण.)

आधी ‘ताई’चं. ठाण्यात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मला ताई म्हणतात आणि मला ते आवडतं. फक्त ते लोक ताई म्हणून झाल्यावर लगेच माझी तोंडी परीक्षा घेत नाहीत. तुमच्याच टोपणनावाच्या प्रतिक्रिया मी इतरांच्या लेखांखालीही वाचल्या आहेत. पुरुषांच्या लेखांखाली ‘सर’ असतं आणि शंका ‘विचारलेली’ असते, ‘येत’ नसते. असो. परतफेड म्हणून मी तुम्हाला दादा म्हणणार नाही. टोपणनावाआडून स्पष्ट बोलायला फारसं धैर्य लागत नाही, एवढं नोंदवते आणि पुढे जाते.

मग ‘मेहनत दिसते, पण’. व्हेडर नावाचं इंग्रजी मजकुरातला भाव ओळखणारं, नियमांवर चालणारं साधन हटो आणि गिल्बर्ट यांनी २०१४ साली मांडलं. त्यात ‘बट’च्या आधीच्या शब्दांचं वजन अर्धं होतं आणि नंतरच्या शब्दांचं दीडपट. आपल्या ‘पण’लाही हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो, म्हणून मी तो प्लगिनमध्ये ठेवला आहे. तुमचं पहिलं वाक्य त्याचा उत्तम नमुना आहे. पुढच्या वेळी चाचणीत घालीन म्हणते. ते मी लिहिलेलं नसेल, त्यामुळे तुमची तीही तक्रार मिटेल.

एक गोष्ट मान्य करते. सेन्पायची कोणती आवृत्ती धरून लिहिलं आहे, हे लेखात सांगायला हवं होतं. आधीच्या पद्धतीत प्लगिनचं नाव, वर्णन, आवृत्ती हे सगळं यामल नावाच्या साध्या मांडणीतल्या वेगळ्या फाइलीत लिहायचं आणि कोड पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या फाइलीत. नंतर सगळं एकाच पायथन फाइलीत बसवायची सोय आली. नवखा माणूस तिथे अडखळू शकतो. हे तुम्ही म्हटलेलं नाही, पण मी मोकळ्या मनाची बाई आहे.

आता बाराखडी.

तुम्ही मराठी मजकूर पायथनने कधी तोडून बघितलाय का? शंका येते म्हणून विचारते. पायथनच्या नेहमीच्या, मजकुरात नमुने शोधणाऱ्या आरई मॉड्यूलमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून जी खूण वापरतात, बॅकस्लॅश डब्ल्यू, तिला आपल्या काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ती जोडचिन्हांच्या वर्गात मोडतात, आणि ती खूण फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेखा ओळखते. त्यामुळे ‘नाही’ हा शब्द तिच्यातून बाहेर पडतो तो ‘न’ आणि ‘ह’ असे दोन तुकडे होऊन. ‘चांगली’चं होतं ‘च’ आणि ‘गल’. कुठे लाल अक्षरांत चूक दाखवली जात नाही, प्रोग्राम थांबत नाही. सगळं सुरळीत चाललेलं असतं, फक्त मराठी उरलेली नसते.

पुढे ऐका. सायकिट-लर्न या मॉडेल शिकवायच्या पायथन-संचामध्ये मजकुराचे आकडे करणारं जे तयार साधन असतं, त्याचा मुळातला नमुना दोनपेक्षा कमी अक्षरांचा तुकडा टाकून देतो. इंग्रजीत ‘ए’, ‘आय’ असले शब्द गाळायला ते ठीक. आपल्याकडे मात्र ‘न’ही गेला आणि ‘ह’ही गेला. ‘सेवा चांगली नाही’ या अख्ख्या वाक्यातून हाती काय उरतं? ‘गल’. ‘सेवा चांगली’मधूनही ‘गल’च. म्हणजे तुमच्या मॉडेलच्या दारात येण्याआधीच शाबासकी आणि शिवी एक होऊन बसलेली असते. वर तुम्ही कितीही भारी गणित चढवा. याला बाराखडी म्हणून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. उपाय लेखात दिलाच होता: रेजेक्स हे वेगळं मॉड्यूल घ्या, नाहीतर युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, दंड वगळून हाताने सांगा.

आणि तेवढ्याने भागत नाही. ‘ॲप’ हा शब्द लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात. एकात ॲ हे एकसंध अक्षर असतं, दुसऱ्यात अ काढून त्यावर चंद्र दिलेला असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. ‘कचऱ्याची गाडी’ घ्या. कुणी ऱ वापरतो, कुणी साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. तो जोडक कचरा समजून पुसलात, तर रफार होऊन भलताच शब्द तयार होतो. तक्रारींच्या यादीत ‘कचऱ्या’ दोन वेगळे शब्द म्हणून मोजला गेला, तर दोष कुणाचा? मोठ्या मॉडेलचा नक्कीच नाही, त्याला तर तुम्ही एका ओळीत विचारणार आहात.

नकाराचंही तेच. व्हेडर भावनेच्या शब्दाआधीच्या तीन शब्दांपर्यंत मागे जाऊन नकार शोधतं आणि सापडला की त्या शब्दाचं वजन उणे ०.७४ ने गुणतं. इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून ते जमतं. आपल्याकडे ‘आवडलं नाही’, ‘वाईट नव्हतं’. नकार शेवटी. व्हेडरचा सांगाडा घेऊन नुसती मराठी शब्दयादी बसवणाऱ्यांची प्लगिनं मी पाहिली आहेत. नकार त्यांना दिसतच नाही, कारण ती उलट्या बाजूला बघत असतात. नकार शोधायची खिडकी पुढे वळवली की वेगळी पंचाईत होते: ‘जेवण छान होतं, बसायला जागा नाही’ यात ‘नाही’ने ‘छान’ला उलटं करून कसं चालेल? म्हणून स्वल्पविराम, ‘पण’, ‘आणि’, किंवा ‘होतं’सारखं क्रियापद आलं की थांबायचं. शिवाय ‘पाणी येईना’मध्ये नकार क्रियापदाच्या पोटात, आणि ‘सांगितलं होतं की नाही?’मध्ये नकार नुसताच हजर, कामाचा नाही. हे सगळं मी शब्द मोजून लिहिलं नव्हतं. अर्धा लेख त्यात गेला असेल तर तो तिथेच जायला हवा होता.

तुम्हाला आलेल्या शंकेबद्दल.

माझे वडील नौपाड्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून देवनागरीचे खिळे काही शेकड्यांत जातात, आणि कोणता कुठल्या खान्यात हे त्यांना न बघता ठाऊक असे. काना हा वेगळा तुकडा आहे आणि तो पडला तर शब्द मरतो, हे मी शाळेत जाण्याआधी त्यांच्या टेबलापाशी शिकले. कॉलेजात असताना लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची डीटीपीची कामं केली. तेव्हाच्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायची आणि आत रोमन अक्षरांचा गिचमिड काला असायचा. तो काला युनिकोडमध्ये आणण्याची तक्ते-जोडणी मी हाताने केली आहे. मग इंजिनिअरिंग, मग नवी मुंबईत महाप्याला नोकरी. बरीच वर्षं ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरणे आणि तिथून शेअर रिक्षा. तुम्ही ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसता असं तुमच्या आधीच्या एका प्रतिक्रियेवरून कळलं होतं. चांगलं आहे. एसी चांगला असेल.

महाप्याला आमच्याकडे गृहसंकुलांच्या तक्रारींचं काम आलं होतं. घोडबंदर रोडच्या बाजूची मोठमोठी संकुलं, रहिवाशांच्या तक्रारी मराठी, हिंदी आणि दोन्हींची खिचडी. मी येण्याआधी कुणीतरी सायकिट-लर्नचं तेच तयार साधन जसंच्या तसं लावून ठेवलं होतं. ‘टँकर आला नाही’, ‘लिफ्ट चालत नाही’, सगळ्यातून ‘नाही’ गायब. समितीला दर सोमवारी जाणारा अहवाल हिरवागार. पाणी नसलेल्या इमारतीत रहिवासी तटस्थ आहेत, असं आमचं यंत्र सांगत होतं. एका सेक्रेटरी काकांनी फोनवर जे सुनावलं, त्याचं भावविश्लेषण करायला कुठल्याच प्लगिनची गरज नव्हती. ते मी उपसलं आणि सेन्पायवर नव्याने उभं केलं. लेखातली चाचणीची वाक्यं त्याच तक्रारींच्या वळणाची आहेत. मी लिहिली, कारण लोकांच्या खऱ्या तक्रारी नावागावासकट चव्हाट्यावर मांडायची मला सवय नाही. तेव्हा, हो, चालवलंय. शंका फिटली असेल अशी आशा करते.

मोठ्या मॉडेलचं थोडक्यात. ते वापरू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या गटाने सेन्पाय बनवलं तेच अशासाठी की आत काय आहे याची बाहेरच्याला पर्वा नसावी. प्लगिन चालू होताना एकदा शब्दयादी चढवा किंवा मॉडेल चढवा, मजकूर आला की विश्लेषण करा, आणि निकाल मार्ल या ठरलेल्या शब्दावलीत द्या: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ, सोबत आकडा. उद्या यादी काढून मॉडेल बसवलं तरी पलीकडच्या ॲपला एक ओळ बदलावी लागत नाही. म्हणजे तुमची ती ‘एक ओळ’सुद्धा प्लगिनमध्येच जाऊन बसेल, आणि तिच्या उत्तरातून आकडा वेगळा काढायला पुन्हा कुणीतरी कोड लिहीलच. शिवाय त्या तक्रारींत फ्लॅट नंबर असतात, मोबाइल नंबर असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर हे सगळं कुठल्या परक्या सर्व्हरला पाठवायचं, हे समितीपुढे उभं राहून तुम्ही सांगा, मी शेवटच्या रांगेत बसून ऐकते.

एफ-वन. लेख प्लगिन लिहिण्याबद्दल होता, स्पर्धेच्या निकालाबद्दल नाही. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाचा महासेंट हा २०२१ चा संच मला माहीत आहे. सुमारे १६ हजार मराठी ट्विट, तीन वर्गांत. पण ती सार्वजनिक जीवनातल्या मंडळींची, बरीचशी राजकारणाची ट्विट. पुढाऱ्याच्या शुभेच्छांवर मिळालेला आकडा लिफ्टच्या तक्रारीवर काय प्रकाश पाडणार? नंतर त्यात चित्रपटांची परीक्षणं वगैरे मिळवली आहेत, तेही ठाऊक आहे, ते सांगायला पुन्हा येऊ नका. आकडे यायचे तेव्हा येतील.

‘तुम्हीच तपासलीत’ यावर उत्तर द्यावं असं मला वाटत नाही. कोड खुला आहे, चाचण्या प्लगिनमध्येच लिहिलेल्या आहेत, कुणीही चालवून बघावं. तुमच्याकडची वाक्यं पाठवलीत तर घालीन, मात्र अपेक्षित उत्तरासकट पाठवा. ‘वा, काय पाणीपुरवठा आहे!’ असली उपरोधाची दहा वाक्यं पाठवून मला पकडल्याचा आनंद घ्यायचा असेल तर आधीच सांगते, उपरोध यात सुटतो. लेखाच्या शेवटी ते मीच लिहिलंय.

राहिला ०.०५ चा उंबरठा. तो व्हेडरचा आहे. वाक्याच्या एकूण भावाचा आकडा अधिक ०.०५ किंवा वर गेला की सकारात्मक, उणे ०.०५ किंवा खाली गेला की नकारात्मक, मधलं तटस्थ. मराठीला तो नेमका का लागू व्हावा, असा तुमचा रोख असेल तर तसं सरळ विचारायचं होतं. तुम्ही विचारलंत, कुठून आणला. तेही लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे, ‘मेहनत दिसते’ लिहिण्याआधी वाचायचा राहून गेला असेल.