वरच्या मजल्यावरून वाद कसा घालावा

तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकतंय? प्लंबर बोलावू नका. तो लाद्या फोडायला सांगेल. त्यापेक्षा न्यायदर्शन, म्हणजे आपलं प्राचीन तर्कशास्त्र, वाचा. पार्ल्यातल्या सोसायटीची वार्षिक सभा कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरते. कामापुरतं दर्शन तेवढ्या वेळात होतं.

त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतम ऋषींची न्यायसूत्रं. त्यांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची पाडायला वितंडा. पहिल्याच्या वाटेला जाऊ नका. सत्य सापडलं तर वॉटरप्रूफिंगचा खर्च तुमच्याच गळ्यात.

खालच्या वहिनी नकळत पंचावयवी, म्हणजे पाच पायऱ्यांचं, अनुमान मांडतील. प्रतिज्ञा: तुमच्याकडे गळती आहे. हेतू: कारण आमच्या छताला ओल आहे. उदाहरण: जिथे अशी ओल तिथे वर गळती, जसं बी विंगमध्ये झालं. उपनय: आमची ओलही तशीच, बरोबर तुमच्या मोरीखाली. निगमन: म्हणून गळती तुमचीच. डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी, असंच हे सरळ आहे. म्हणूनच लगेच ‘सव्यभिचार’ हा हेत्वाभास, म्हणजे दिलेलं कारण दुसरीकडेही लागू पडतं हा दोष, काढायचा: ओल काय, पावसात भिंतीतूनही येते! मुंबईच्या पावसाने असे कित्येक वरचे मजले तारलेत. शिवाय वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ती बहुधा पावसाळ्यातच पडते. कायदासुद्धा आपल्याच बाजूने.

वहिनी म्हणतील, ‘अहो, मार्चमध्येही टपकत होतं. स्वयंपाकघरात बादली लावून बसलो होतो. तुमचं पाणी आमच्या डोक्यावर!’ शांतपणे म्हणा, ‘वहिनी, पाणी माझं नाही, महापालिकेचं आहे.’ हे वाक्छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात याचा नमुनाच दिलाय: एकजण ‘नवकंबल’ म्हणतो, म्हणजे नवं कांबळं, दुसरा विचारतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतंय. शास्त्रकारांनी हे ओळखून टाळायला शिकवलं होतं. आपण ओळखण्यापर्यंत शिकलो, पुरे झालं.

प्रश्नांवर प्रश्न विचारणारा ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसही वापरून बघा. ‘गळती म्हणजे नेमकं काय, वहिनी?’ पण बेताने. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सवाल्यांनी त्याला विष प्यायला लावलं, आणि तिथे तर मेंटेनन्सची थकबाकीही नव्हती.

एवढं करूनही सेक्रेटरी म्हणाला, ‘चला, आत्ताच वर जाऊन बघू या’, तर प्रकरण गंभीर आहे. प्रत्यक्ष प्रमाणापुढे वितंडा टिकत नाही. गौतमाने हरण्याच्या २२ जागा, म्हणजे निग्रहस्थानं सांगितलीत. त्यांतलं एक ‘विक्षेप’, कामाचं निमित्त सांगून चर्चा सोडणं. सोसायटीत याला हार म्हणत नाहीत. गॅसवर दूध ठेवलंय म्हणा आणि उठा. फक्त निघण्याआधी ‘विषय पुढील सभेत’ एवढं मिनिट्समध्ये लिहून घ्या.