हजार डोळे, पण बघतंय कोण?

ओपन सोर्सवरच्या एका लेखात म्हटलंय, 'कोड सगळ्यांसमोर उघडा असतो, म्हणून ओपन सोर्स आपोआप सुरक्षित.' माझा आक्षेप त्या 'आपोआप'ला आहे. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीतलं (लायब्ररी म्हणजे आयता वापरायचा कोड) हार्टब्लीड हे सुरक्षेतलं भोक २०१२ पासून एप्रिल २०१४ पर्यंत उघड्यावरच पडून होतं. लाखो सर्व्हर ओपनएसएसएलवर चालत होते, वाचायला वेळ कोणाला? बारभाईची खेती!

एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स साधनाचं प्रकरण तर याहून बेरकी. 'जिया टॅन' नावाच्या कोणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीनं काम करून दमलेल्या मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. माल चाचणीच्या फायलींत लपवलेला, आणि तो बिल्डमध्ये (कोडमधून प्रोग्रॅम तयार होताना) ओढणारी स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडच्या गठ्ठ्यात; सगळे कोड बघतात त्या गिटवर नाहीच! आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय ही खुटखुट लागली, म्हणून वाचलो.

बंद कोड बरा, असं मी म्हणत नाहीये हं. तिथे शंका आली तरी आत डोकावता आलं नसतं. पण आमच्या ऑफिसात नवी लायब्ररी घेताना 'तपासली का?' विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: 'ओपन सोर्स आहे, कोणीतरी बघितलं असेलच.'